तारापूरची चूल आणि परदेशी सरपण

तारापूरचे अणुवीज केंद्र पाहून आलेल्या एका शिक्षकमित्राने सांगितलेली ही गोष्ट. माहिती देणाऱ्या अभियंत्याला नववीतल्या एका मुलीने विचारले, "या भट्टीत घालायचे युरेनियम येते कुठून?" उत्तर मिळाले, "हैदराबादहून." उत्तर अगदी खरे होते. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात युरेनियम ऑक्साइडच्या लहान लहान वड्या तयार होतात. झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत त्या एकावर एक रचतात, आणि अशा ३६ नळ्यांचा एक जुडगा तारापूरला येतो. पण त्या मुलीने "आणि हैदराबादला कुठून?" असे पुढे विचारले असते, तर अभियंत्याला उत्तर द्यायला निदान तासभर तरी लागला असता. कारण या प्रश्नाचे उत्तर वर्षावर अवलंबून आहे. १९७५ सालचे उत्तर अमेरिका, १९८५ सालचे फ्रान्स, १९९५ सालचे चीन आणि २००१ सालचे रशिया.

एकाच चुलीला चार देशांचे सरपण का लागले? चूल आपल्या अंगणात असूनही तिच्यात काय घालायचे हे परक्या देशाच्या संसदेत का ठरत होते? ही गोष्ट समजून घ्यायची तर सुरुवात राजकारणापासून न करता युरेनियमपासून करावी लागेल.

खाणीतून निघालेल्या युरेनियमचे प्रामुख्याने दोन समस्थानिक असतात. युरेनियम-२३५ चे अणू मंद न्यूट्रॉन आदळताच सहज फुटतात, युरेनियम-२३८ चे तसे फुटत नाहीत. अडचण अशी की सहज फुटणारे अणू हजारात जेमतेम सात असतात. वर्गात हे दाखवायचे असेल तर ज्वारीचे हजार दाणे मोजून घ्या आणि त्यांतले सात रंगवून पुन्हा मिसळा. मग विद्यार्थ्यांना डोळे मिटून एकेक दाणा उचलायला सांगा. रंगीत दाणा हाती यायला किती वेळ लागतो ते पाहा. साखळी प्रक्रियेतल्या न्यूट्रॉनची स्थितीही काहीशी अशीच असते.

शिवाय विखंडनातून बाहेर पडणारे न्यूट्रॉन फार वेगवान असतात. त्यांचा वेग कमी करायला मंदायक लागतो. साधे पाणी हा उत्तम मंदायक आहे आणि फुकटही मिळतो, पण त्यातला हायड्रोजन बरेच न्यूट्रॉन गिळून टाकतो. मग साखळी तुटते. यातून सुटायचे दोन मार्ग. पहिला मार्ग म्हणजे दाण्यांतले रंगीत दाणे वाढवायचे. युरेनियम-२३५ चे प्रमाण दोन-अडीच टक्क्यांपर्यंत नेले की साधे पाणी चालते. याला समृद्ध युरेनियम म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे युरेनियम तसेच ठेवायचे आणि पाणी बदलायचे. साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक जड हायड्रोजनचा, म्हणजे ड्युटेरियमचा, अणू असतो. तेवढेच वेचून जड पाणी केले, तर ते न्यूट्रॉनचा वेग कमी करते पण त्यांना फारसे गिळत नाही.

दोन्ही मार्ग कष्टाचेच. पण समृद्धीकरणाचे कारखाने १९६० च्या आसपास जगात मोजक्याच बलाढ्य देशांकडे होते, कारण त्याच कारखान्यात थोडे पुढे गेले की बाँबचा माल तयार होतो. जड पाण्याचा कारखाना मात्र आपल्यासारख्या देशालाही उभारता येण्याजोगा होता. पंजाबात नांगलला तो १९६२ मध्ये सुरूही झाला. तेव्हा वरवर पाहता हा मंदायकाचा प्रश्न असला तरी दोन भट्ट्यांमधून एक निवडणे म्हणजे कोणावर किती अवलंबून राहायचे हे ठरवणेच होते.

होमी भाभांना हे पुरते ठाऊक होते. भारतात युरेनियम थोडे, पण केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम भरपूर. म्हणून आधी नैसर्गिक युरेनियम व जड पाण्याच्या भट्ट्या, त्यांतून मिळालेल्या प्लुटोनियमवर दुसऱ्या टप्प्याच्या भट्ट्या आणि शेवटी थोरियम, अशी तीन टप्प्यांची योजना त्यांनी मांडली होती. या योजनेत समृद्ध युरेनियमला जागाच नव्हती. तरीही देशातले पहिले अणुवीज केंद्र उभे राहिले ते समृद्ध युरेनियमवर. हे कोडे सोडवायला त्या काळाकडे पाहावे लागेल.

८ डिसेंबर १९५३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रसंघात 'शांततेसाठी अणू' हा विचार मांडला. तोवर कुलूपबंद असलेले ज्ञान एकदम खुले होऊ लागले. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुशक्तीच्या शांततामय वापरावर जागतिक परिषद भरली, तिचे अध्यक्ष भाभा होते. पुढल्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. आराखडा आपला, इंधन ब्रिटनचे. पाठोपाठ कॅनडाने कोलंबो योजनेखाली एक मोठी संशोधन भट्टी देऊ केली, आणि तिच्यासाठी लागणारे जड पाणी अमेरिकेने पुरवले. म्हणून तिचे नाव पडले सायरस. कॅनडा, इंडिया आणि युनायटेड स्टेट्स यांच्या आद्याक्षरांवरून. ती १० जुलै १९६० रोजी सुरू झाली. कॅनडाशी झालेल्या करारात तिचा वापर शांततेच्या कामासाठीच होईल असे वचन होते, पण ते पाळले जाते की नाही हे पाहायला निरीक्षक येतील असे कलम नव्हते. त्या वेळी कोणाला त्याची गरजही वाटली नाही. मैत्रीच्या काळातले करार असेच ढिले असतात. या ढिल्या गाठीकडे आपण पुढे परत येणार आहोत.

आता तारापूर. कोळशाच्या खाणी बिहार-बंगालकडे आणि कारखाने मुंबई-अहमदाबादकडे. दोनशे मेगावॅटच्या एका संचाला दिवसाला सुमारे तीन हजार टन कोळसा लागतो आणि तो रेल्वेने देश ओलांडून आणायचा. म्हणून पश्चिम भारतात अणुवीज परवडेल, हे भाभांचे गणित होते. पण ते सिद्ध करून दाखवायला एक चालते केंद्र हवे होते, आणि लवकर हवे होते. १९६० मध्ये जागतिक निविदा मागवल्या. नैसर्गिक युरेनियमच्या आणि समृद्ध युरेनियमच्या, दोन्ही प्रकारच्या भट्ट्यांसाठी देकार आले. सर्वांत स्वस्त ठरली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची, उकळत्या पाण्याची भट्टी. वर अमेरिकी सरकारने ८ कोटी डॉलरचे सवलतीचे कर्ज देऊ केले. तात्पुरती सोय आणि लांबची योजना यांत भाभांनी सोय निवडली असे कोणी म्हणेल. मला वाटते, त्यांनी जुगार खेळला: एक केंद्र आयते घ्यायचे, त्यावर माणसे तयार करायची आणि पुढची केंद्रे जड पाण्याची बांधायची. राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाच्या मदतीने जड पाण्याची भट्टी उभारण्याचा करार त्याच वर्षी, १९६३ मध्ये झाला, हे पाहता या जुगारामागे विचार होता असे म्हणायला जागा आहे.

अमेरिकेशी करार झाला ८ ऑगस्ट १९६३ रोजी, तीस वर्षांसाठी. त्यातली मुख्य देवघेव साधी होती. केंद्राला लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिका पुरवील. भारत तारापूरला अमेरिकेचेच इंधन वापरील. आणि त्यावर आंतरराष्ट्रीय देखरेख राहील. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायची झाल्यास देखरेख नीट होऊ शकेल असे दोन्ही देशांनी मिळून ठरवायचे. जनरल इलेक्ट्रिकबरोबरचा बांधकामाचा करार मे १९६४ मध्ये झाला. जानेवारी १९६६ मध्ये माँ ब्लाँच्या विमान अपघातात भाभा गेले. तारापूरची वीज त्यांनी पाहिली नाही. २१० मेगावॅटचे दोन संच ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर चालू झाले आणि १९ जानेवारी १९७० रोजी इंदिरा गांधींनी केंद्र राष्ट्राला अर्पण केले.

पुढे दुय्यम बाष्पजनित्रांत गळती होऊ लागली, ती बंद ठेवावी लागली आणि संचांची क्षमता प्रत्येकी १६० मेगावॅटवर आली. जवळजवळ चौथा हिस्सा वीज तिथेच गेली. आयत्या यंत्राबरोबर त्याचे दोषही आयते येतात.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला स्फोट झाला. भारताने त्याला शांततामय अणुस्फोट म्हटले. स्फोटासाठी वापरलेले प्लुटोनियम सायरस भट्टीतले होते. कॅनडात संतापाची लाट उसळली. ही बाजूही आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपल्याकडच्या लिखाणात ती बहुधा एका वाक्यात उडवली जाते. तीन वर्षे आधी, १९७१ मध्ये, कॅनडाचे पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी इंदिरा गांधींना पत्र लिहून बजावले होते की अशा स्फोटासाठी कॅनडाने दिलेल्या सामग्रीचा वापर झाला, तर अणुसहकार्याचा फेरविचार करावा लागेल. भारताचे उत्तर असे होते की घडलेल्याच नसलेल्या गोष्टीवरून कराराचा अर्थ लावण्याचे कारण नाही. भारताचा युक्तिवाद असा की शांततामय स्फोट ही कल्पना त्या काळी अमेरिका व रशियाही मांडत होते, आणि करारात स्फोटाला मनाई नव्हती. अक्षराने पाहिले तर तो चूक नाही. पण भेट देणाऱ्याच्या मनात काय होते हे भेट घेणाऱ्याला माहीत होते, आणि त्याने ते विचारूनही ठेवले होते. त्यामुळे कॅनडाची तक्रार पोकळ होती असे मला म्हणवत नाही.

चार दिवसांत कॅनडाने अणुसहकार्य थांबवले आणि १९७६ मध्ये ते कायमचे संपवले. रावतभाट्याचा पहिला संच तेव्हा नुकताच चालू झाला होता, दुसरा अर्धवट होता. तो आपल्या अभियंत्यांनी हाती असलेल्या आराखड्यांवरून पुरा केला. पण व्यापारी तत्त्वावर सुरू व्हायला १ एप्रिल १९८१ उजाडले. पहिल्या संचाच्या टोकाच्या संरक्षक कवचाला तडा गेला तेव्हा ज्यांनी ते यंत्र आखले ते मदतीला नव्हते. संच बरीच वर्षे बंद राहिला आणि दुरुस्तीनंतर निम्म्या, १०० मेगावॅट क्षमतेवर चालवावा लागला. याच काळात लार्सन अँड टुब्रो, वालचंदनगर अशा आपल्या कारखान्यांना अणुभट्टीचे भाग घडवण्याचे काम शिकावे लागले. साखर कारखान्यांची यंत्रे करणाऱ्या वालचंदनगरच्या कामगाराने मिलिमीटरच्या अंशाचा हिशेब पाळून पोलाद जोडायचे, हा बदल काही लहान नव्हता. जुलै १९८३ मध्ये कल्पाक्कमची पहिली भट्टी सुरू झाली ती कॅनडाशिवाय.

तारापूरला मात्र हा मार्ग बंद होता. तिथली भट्टी समृद्ध युरेनियमवरच चालणार. तिला नैसर्गिक युरेनियम चालत नाही, जसे डिझेलच्या इंजिनाला पेट्रोल भरून भागत नाही. आणि समृद्ध युरेनियम अमेरिकेशिवाय कोणाचे घ्यायचे नाही, असा करार.

पोखरणनंतर युरेनियम व यंत्रे विकणाऱ्या देशांनी लंडनला बैठका घेऊन आपला एक गट केला. त्यालाच पुढे अणुपुरवठादार गट म्हणू लागले. १० मार्च १९७८ रोजी अमेरिकेत नवा कायदा झाला. ज्या देशाच्या सर्व अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय देखरेख नाही, त्याला इंधन द्यायचे नाही, असे तो म्हणत होता. जुन्या करारांना दोन वर्षांची सवलत होती. भारताने तारापूर देखरेखीखाली ठेवले होते. तुर्भे ठेवायला तयार नव्हता. म्हणजे प्रश्न असा उभा राहिला: दोन देशांनी सह्या केलेला करार एका देशाच्या नंतरच्या कायद्याने मोडता येतो का? (नागरिकशास्त्राच्या तासाला चर्चेसाठी हा प्रश्न द्यायला हरकत नाही. मुले दोन्ही बाजूंनी भांडतात.)

मे १९८० मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने इंधनाला एकमताने नकार दिला. अध्यक्ष कार्टर यांनी आपल्या अधिकारात ३८ टन इंधन पाठवण्याचा आदेश काढला. हा आदेश रद्द करायचा तर अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विरोध करावा लागतो. कनिष्ठ सभागृहाने मोठ्या बहुमताने विरोध केला. सिनेटमध्ये सप्टेंबर १९८० मध्ये मतदान झाले, ४८ विरुद्ध ४६. दोन मतांनी तारापूरचे इंधन वाचले. मुंबई-गुजरातच्या दिव्यांचा प्रश्न वॉशिंग्टनमधल्या दोन माणसांच्या हात वर करण्यावर येऊन ठेपला होता.

असे दर वेळी घडणार नाही हे दोन्ही बाजूंना कळत होते. भारताकडे एक पत्ता होता. भाभा अणुसंशोधन केंद्रात प्लुटोनियम व युरेनियमच्या ऑक्साइडांचे मिश्र इंधन तयार करण्याचे काम चालले होते. अमेरिकेने करार मोडला तर भारतही बंधनातून मोकळा, वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढून तेच भट्टीत घालू, असे भारताचे म्हणणे होते. अमेरिकेला नेमकी हीच गोष्ट नको होती. शेवटी जुलै १९८२ मध्ये इंदिरा गांधी व अध्यक्ष रेगन यांच्या भेटीत तोड निघाली. करार कायम, देखरेख कायम, फक्त इंधन अमेरिकेऐवजी फ्रान्स देईल. पुनर्प्रक्रियेचा वाद तसाच बाजूला ठेवला गेला. कोणीच हरले नाही, कारण कोणीच मूळ प्रश्नाला हात घातला नाही.

१९९३ मध्ये तीस वर्षे भरली. देखरेख चालू ठेवायला भारत तयार होता, पण पुरवठादार गटाने १९९२ मध्ये सर्व केंद्रांवर देखरेखीची अट सर्वांसाठीच घातली होती, त्यामुळे फ्रान्सने हात आखडता घेतला. १९९४ मध्ये मिश्र इंधनाचे काही जुडगे तारापूरच्या भट्टीत प्रत्यक्ष घालून पाहण्यात आले. आणि १९९५ मध्ये समृद्ध युरेनियम आले ते चीनकडून! चीन तेव्हा पुरवठादार गटाचा सदस्य नव्हता. १९६२ च्या युद्धाची आणि १९६४ च्या चिनी अणुचाचणीची आठवण असलेल्या पिढीला ही बातमी वाचून काय वाटले असेल? पुढे २००१ मध्ये रशियाने इंधन दिले. तो गटाचा सदस्य होता. इंधनाअभावी भट्टीच्या सुरक्षिततेला धोका असेल तर अपवाद करता येतो, या कलमाचा त्याने आधार घेतला. गटातल्या बहुतेक सदस्यांना ते पटले नाही. त्यानंतर रशियाही थबकला आणि २००६ मध्ये त्याने पुन्हा इंधन पाठवले. कुडनकुलमच्या रशियन भट्ट्यांना मात्र ही अट आडवी आली नाही, कारण त्यांचा मूळ करार राजीव गांधी व गोर्बाचेव्ह यांनी १९८८ मध्येच केलेला होता.

दरम्यान स्वावलंबनाच्या बाजूलाही ओढाताण होती. जड पाण्याच्या भट्ट्या वाढल्या, पण जादुगुडासारख्या खाणींतले युरेनियम त्यांना पुरेना. २००७-०८ च्या सुमारास त्या सुमारे निम्म्या क्षमतेने चालत होत्या. यंत्र आपले, पाणी आपले, माणसे आपली, आणि सरपण अपुरे. म्हणजे भाभांच्या दोन मार्गांपैकी दुसराही पुरता मोकळा नव्हता.

१८ जुलै २००५ रोजी मनमोहन सिंग व बुश यांनी संयुक्त निवेदन काढले. भारताने आपली केंद्रे नागरी आणि इतर अशी वेगळी करायची, नागरी केंद्रे देखरेखीखाली द्यायची आणि त्या बदल्यात जगाने युरेनियम विकायचे, असा तो व्यवहार. तेव्हाच्या २२ भट्ट्यांपैकी १४ देखरेखीखाली द्यायचे ठरले. या करारावरून डाव्या पक्षांनी मनमोहन सिंग सरकारचा पाठिंबा काढला. ६ सप्टेंबर २००८ रोजी पुरवठादार गटाने भारताला सूट दिली आणि १० ऑक्टोबरला अमेरिकेशी करारावर सह्या झाल्या. कझाकस्तान, रशिया यांच्याकडून युरेनियम येऊ लागले. एप्रिल २०१५ मध्ये कॅनडाच्या कामेको कंपनीनेही पाच वर्षांत सुमारे तीन हजार टन युरेनियम देण्याचा करार केला. ज्या सायरसवरून कॅनडा रुसला होता ती भट्टी तोवर बंद होऊन चार वर्षे उलटली होती.

तारापूरला आज गेलात तर एकाच आवारात हा सगळा इतिहास शेजारी शेजारी उभा दिसतो. जुन्या दोन अमेरिकी भट्ट्या. २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी त्या थांबवण्यात आल्या. त्यांच्या बाजूला २००५ व २००६ मध्ये सुरू झालेल्या ५४० मेगावॅटच्या दोन स्वदेशी भट्ट्या, नैसर्गिक युरेनियम व जड पाण्याच्या. यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवली गेली, आणि पुनर्वसनासाठी तिथल्या लोकांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. परदेशाशी झालेल्या करारांचे मसुदे कलमाकलमाने अभ्यासले जातात; गावाशी केलेल्या कराराचा तितका अभ्यास कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

या नव्या दोन भट्ट्या देखरेखीबाहेर ठेवलेल्या आहेत. त्यामुळे परदेशातून घेतलेले युरेनियम त्यांत घालता येत नाही, देशातल्या खाणींचेच लागते. जुन्या भट्ट्यांना मात्र बाहेरचेच समृद्ध युरेनियम हवे. एका आवारात दोन चुली, आणि एकीचे सरपण दुसरीला चालत नाही.

आणि पुनर्प्रक्रियेचा तो बाजूला ठेवलेला वाद? अमेरिका वापरलेले इंधन परत न्यायला तयार नव्हती आणि त्यातून प्लुटोनियम काढायलाही संमती देत नव्हती. म्हणून ते आवारातच पाण्याखाली साठत गेले. त्यासाठी जादा साठवण करावी लागली. २००८ च्या करारात पुनर्प्रक्रियेला तत्त्वतः मान्यता मिळाली, पण त्यासाठी देखरेखीखालचा वेगळा, नवा कारखाना उभारायची अट आहे. दरम्यानच्या काळात त्या इंधनाचे जुडगे अमेरिकेचे कोणते, फ्रान्सचे कोणते, चीनचे कोणते, याची नोंदवही ठेवली जाते आणि आंतरराष्ट्रीय निरीक्षक येऊन ती तपासतात.